मुरूडच्या खोलीतला धूर

रेवदंड्याची खाडी ओलांडली की साळाव, कोर्लई, काशीद, नांदगाव अशी गावे एकामागून एक येतात. मग समुद्राकडे तोंड करून उभा असलेला नवाबांचा राजवाडा दिसतो आणि मुरूड आले हे कळते. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. नवाबी गेली, पण नारळी-सुपारीच्या वाड्या आणि जांभ्या दगडाची कौलारू घरे राहिली. या घरांतली तरुण मुले मुंबईला किंवा आखातात रोजगारासाठी गेली. घरे मोठी आणि माणसे थोडी अशी गत झाली. मग रिकाम्या खोल्या पर्यटकांना दिल्या जाऊ लागल्या. आज इथल्या कितीतरी कुटुंबांचा घरखर्च शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालतो.

आमच्या खालांचे घरही असेच आहे. वाडीच्या बाजूला दोन खोल्या, एक मोठी, एसी असलेली, आणि दुसरी लहान, नुसत्या पंख्याची. खालूंच्या इंतकालानंतर याच दोन खोल्या त्यांची रोजी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे पोहोचलो तेव्हा खाला मोठ्या खोलीच्या दारात पदर नाकाला लावून उभ्या होत्या. आदल्या दिवशी गेलेल्या पाहुण्यांनी तीन रात्री एसी लावून, खिडक्या बंद करून सिगारेटी ओढल्या होत्या. सोबत हुक्काही आणला होता. आत पाऊल टाकताच घशात खवखवू लागले. शनिवारी दुसरे कुटुंब येणार होते आणि त्यांच्यासोबत दम्याचा त्रास असलेले आजोबा होते.

शेजारच्या बाईंनी उपाय सांगितला, "लोबान फिरवा आणि वरून सुगंधी फवारा मारा. दोन तासांत कुणाला कळणारही नाही." सल्ला मनापासूनचा होता. लोबान, ऊद आपल्या घरांत चालतेच. पण धुरावर धूर केल्याने आधीचा धूर जात नाही. तो काही वेळ झाकला जातो, आणि दमेकऱ्याला लोबानाचाही त्रास होतोच.

हा वास जातो कसा, हे समजण्यासाठी तो राहतो कुठे हे पाहावे लागते. सिगारेट विझली, दारे उघडली की हवेतला धूर निघून जातो. पण धुरातले डांबरासारखे चिकट कण आणि निकोटिन भिंती, लाकूड, गादी, पडदे, पंख्याची पाती यांवर बसतात आणि पुढे कितीतरी दिवस हळूहळू हवेत सुटत राहतात. विडी-सिगारेट विझल्यावर मागे उरणाऱ्या या धुराला डॉक्टर 'थर्डहँड स्मोक' म्हणतात. रांगणारी मुले, दमेकरी यांना तो अधिक बाधतो. कोकणच्या दमट हवेत तर असा वास पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे हवा सुवासिक करून भागत नाही, वस्तू धुवाव्या लागतात.

मंगळवारी सकाळी कामाला लागलो. ओल्या पांढऱ्या फडक्याने पंख्याचे एक पाते पुसले तर फडके चहासारखे पिवळट झाले. तेव्हा मुलांनाही पटले की धूर अजून खोलीतच आहे. पडदे, चादरी, अभ्रे वाडीतल्या दगडावर दोनदा धुतले. पहिल्या धुण्याच्या पाण्यात अर्धी वाटी सिरका म्हणजे व्हिनेगर घातले. निकोटिन क्षारधर्मी असल्याने आंबट पाण्यात चांगले सुटते. फोमच्या उशा मात्र टाकून दिल्या. फोममध्ये शिरलेला वास काढण्यापेक्षा नवी उशी स्वस्त पडते.

गादी कापसाची होती, हे नशीब. बाजारातल्या पिंजाऱ्याकडे ती दिली. त्याने जुनी खोळ काढली, कापूस मोकळा करून उन्हात पसरला, पुन्हा पिंजला आणि नव्या खोळीत भरला. आता धनुकलीऐवजी यंत्र आले असले तरी कसब तेच. आपल्या गावागावांतून पिंजारी, मन्सुरी मंडळींचा हा धंदा कमी होत चालला आहे, कारण घरोघरी फोम आला. पण फोमची गादी अशी उसवून पुन्हा ताजी करता येत नाही.

भिंतींना ऑइल पेंट होता. अर्धी बादली कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवला, हातमोजे घातले आणि भिंती खालून वर पुसत गेलो. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे डाग राहतात. शेवटी साध्या पाण्याने वरून खाली पुसून घेतले. लाकडी तक्तपोशी आणि खिडक्यांच्या चौकटी सिरक्याच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसल्या. लाकूड भिजवायचे नसते. सोडा आणि सिरका एकत्र करू नयेत, दोघांचाही गुण जातो. आणि सिरक्यात ब्लीचिंग पावडर तर कधीच मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

एसी विसरला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती. बंद खोलीतला धूर तोच पुन्हा पुन्हा ओढत असतो. जाळी आम्ही धुतली, पण आतली कॉइल आणि पंखा धुवायला मिस्त्रीच बोलावला. त्याने पाण्याचा जोरदार फवारा मारला तेव्हा खालच्या बादलीत काळपट पाणी जमले.

उन्हाचे वेळापत्रक खालांचे. दव सुकल्यावर बिछाने बाहेर, आणि असरच्या अजानला आत. "मगरिबपर्यंत ठेवलं तर खारा वारा ओल देतो. दिवसभर वाळवलेलं पुन्हा दमट होतं, पोरांनो," त्या म्हणाल्या. समुद्राकाठी आयुष्य काढलेल्या बाईचे हे ज्ञान कुठल्या बाटलीवर लिहिलेले नसते.

गुरुवारी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून आम्ही राजपुरीच्या धक्क्यावर गेलो. शिडाच्या होडीतून जंजिऱ्याकडे जाताना बुरुज मोठे होत जातात, पण दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. सिद्दींच्या या किल्ल्याचे नाव बेट या अर्थाच्या अरबी 'जझीरा' शब्दावरून आले. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि आत मात्र गोड्या पाण्याची तळी. कलाल बांगडी तोफेजवळ मोकळा वारा अंगावर घेताना वाटले, इतक्या दुरून लोक या हवेसाठी येतात आणि खिडक्या लावून धूर ओढत बसतात!

त्या रात्री खोली मुद्दाम बंद ठेवली. उघड्या खोलीत वास कळत नाही, आणि आत काम करणाऱ्याचे नाक सरावलेले असते. म्हणून शुक्रवारी फजरनंतर, चार दिवसांत आत न गेलेल्या धाकट्या मुलीला पाठवले. ती सरळ कपाटाजवळ गेली आणि म्हणाली, "इथे येतो." कपाटाचे आतले फळे पॉलिश न केलेले, कोरे होते. त्यांनी धूर पिऊन घेतला होता.

वास आता अगदी थोडा होता. कपाट बंद ठेवले असते तर पाहुण्यांना कदाचित कळलेही नसते. या मोसमातला शनिवार-रविवार म्हणजे खालांचा महिन्याचा किराणा. आम्ही कुणी काहीच बोललो नाही. जुम्याची तयारी करता करता खालांनीच धान्याच्या राशीचा प्रसंग काढला. बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणुकीबद्दल सक्त ताकीद दिली. "आपलं कपाट म्हणजे तीच रास," एवढे म्हणून खालांनी फोन उचलला.

त्यांनी झालेले सगळे सांगितले. मोठी खोली या वेळी देता येणार नाही, लहान खोली आहे, तिचे भाडे कमी घेईन, नको असेल तर आगाऊ रक्कम परत करते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या गृहस्थांनी लहान खोली घेतली. दोन रात्री पंख्याखाली, वाडीकडची खिडकी उघडी ठेवून आजोबा झोपले. जाताना त्यांनी पुढच्या सुट्टीसाठी हीच लहान खोली मागितली. मोठी खोली आणखी आठ दिवस रिकामी राहिली. कपाट उन्हात वाळवून, घासून, आतून पॉलिश केले तेव्हा लाकडातला उरलेला वास बंद झाला. त्या आठवड्याचे भाडे मात्र बुडाले, ते बुडालेच.

आता खोली देतानाच खाला सांगतात की आत आणि पडवीत धूम्रपान चालणार नाही. यात पाहुण्याचा अपमान नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम लागू आहेत. हॉटेलात धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा ३० किंवा अधिक खोल्या असतील तरच आहे. आणि आपल्या दीनमध्ये तर कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, शेजारच्याला वासाचा त्रास होतो, इथपर्यंत विचार केलेला आहे. मग जिथे दुसऱ्याला झोपायचे आहे, ती हवा तर अमानतच झाली. मेजबानाने ती स्वच्छ द्यावी आणि मेहमानाने ती तशीच परत करावी.