मजकूर झाकून वाचलेल्या गोष्टी

नांदूरघाटच्या माळवदाच्या घरात सख्खी-चुलत मिळून आम्ही जी भावंडं वाढलो, त्या सगळ्यांना लिहायचा नाद चित्रांनी लावला. शाळेत मात्र ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ असायचं. म्हातारा शेतकरी, भांडखोर मुलं, लाकडांची मोळी, तात्पर्य. सगळं आधीच ठरलेलं, आपण फक्त क्रियापदं भरायची. गुण मिळायचे, पण त्यात आमचं काहीच नसायचं.

घरी काका केजच्या बाजारातून ‘चांदोबा’ आणायचे. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेला ‘किशोर’ही यायचा. अंक एक आणि ओढणारे हात फार, म्हणून अक्कानं रीत घातली होती : आधी मजकूर तळहातानं झाकायचा, ढाळजेत गोल बसून नुसती चित्रं बघायची आणि ज्याला जे दिसेल ते त्यानं सांगायचं. चित्रकार शंकर यांनी काढलेला, खांद्यावर वेताळ, हातात तलवार घेतलेला विक्रम आमच्या बापूनं पुरात मांजरा नदी ओलांडायला लावला होता. खरी गोष्ट वाचल्यावर आमची तोंडं हिरमुसायची. आमचीच बरी होती, असं वाटायचं. ‘चांदोबा’त दोन छायाचित्रांना नावं सुचवायची स्पर्धा असे. त्या दोन चित्रांना जोडणारी ओळ शोधताना कमी शब्दांत सांगणं आम्ही शिकलो. पोस्टकार्ड मात्र अक्काच्याच अक्षरात जायचं.

पुढं अक्का शिक्षिका झाली आणि तिच्या हाती ‘स्टोरीवीव्हर’ आलं. ‘प्रथम बुक्स’नं ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, खुलं केलेलं हे संकेतस्थळ. त्यावरची चित्रं निवडायची, पानांवर लावायची, खाली आपल्या भाषेत लिहायचं, की पुस्तक तयार. परवाना मोकळा असल्यानं चित्रकाराचं नाव देऊन तेच चित्र कुणीही आपल्या गोष्टीत घ्यावं. कोरोनात शाळा बंद असताना ‘गोष्टींचा शनिवार’मधून मराठी गोष्टी फोनवर यायच्या, त्या वाचायच्या होत्या. पण अक्काला पोरांकडून लिहून घ्यायचं होतं. तिनं जुनीच रीत लावली : आधी मजकूर झाकायचा.

एकदा वर्गात पडद्यावर गवताची झोपडी आणि दारात ससा असं चित्र होतं. बाकीच्यांनी सशाला गाजरं आणायला धाडलं. आईबापांबरोबर ऊसतोडीला फडावर राहून आलेली एक मुलगी फळ्याशी गेली आणि तिनं लिहिलं, ‘ही सशाची कोपी आहे. पट्टा पडला की मोडायची. उचल फिटली नाही म्हणून ससा रडतो.’ पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. अक्कानं एक अक्षर बदललं नाही, तात्पर्यही विचारलं नाही. पुढच्या पानाला कुठलं चित्र, एवढंच विचारलं.

चित्र पुढ्यात असलं की कोऱ्या कागदाची भीती जाते, हे खरंच. पण आम्हांला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की चित्र पोराला उत्तर सांगत नाही. नमुना निबंध पाठ करून आलेल्या पोराला तिथं काही करता येत नाही आणि फडावरून उशिरा शाळेत आलेली पोर तिथं कुणाच्या मागं राहत नाही. तयार चित्रांवरच सगळं सोपवू नये, असंही आमचं मत आहे. त्या मुलीला पुढच्या पानासाठी उसानं लादलेली बैलगाडी हवी होती. ती तिनं स्वतःच वहीत काढली, आणि सशाला मोळ्यांवर बसवलं.