घोडीपुढची वैरण

आबांची घोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती आणि तिची वैरण रोज मायच्या डोक्यावरून यायची. यातली पहिली गोष्ट सगळ्या फुलंब्रीला ठाऊक होती. दुसरी सांगण्यासारखी आहे असं कुणाला वाटलंच नाही.

ही 1965-66 च्या आसपासची गोष्ट. फुलंब्री तेव्हा तालुका झाला नव्हता. गिरजेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी पुरुषभर उंच व्हायची. कणसं खुडली की उरायचा तो कडबा, आणि वर्षाचा जमाखर्च धान्याइतकाच त्याच्यावर चालायचा. सुतार-लोहाराला बलुत्यात पेंढ्या जायच्या, नडलेल्याला उसन्या दिल्या जायच्या, भाव शेकड्यावर ठरायचा. ज्याची गंजी मोठी त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक कचरत नसत. आमची गंजी बऱ्यापैकी होती, पण तिच्यावर हक्क सांगणारी तोंडंही होती: चार बैल, दोन म्हशी, गाय-वासरं आणि ती कुमेत रंगाची घोडी.

बैल आणि घोडी यांच्या खाण्यातला फरक मला शाळेच्या आधी कळला. बैल बसून रवंथ करतो. घाईत पोटात ढकललेलं पुन्हा तोंडात आणून दळायची त्याला सोय आहे. घोड्याला ती नाही. त्याचं जठर देहाच्या मानानं अगदी लहान, आत गेलेलं तोंडावाटे परत काढणं त्याला जमतच नाही, म्हणून मोकळ्या रानात तो दिवसाचे चौदा-पंधरा तास थोडं थोडं चरत राहतो. अशा जनावराला खुंट्याला बांधून सकाळ-संध्याकाळ एकेक ढीग टाकला की काय होणार? भूक असते तोवर पाला निवडून खाणार, मग पाय आपटणार, ढिगावर लघवी करणार, आणि एकदा घाण झालेल्या वैरणीला पुन्हा तोंड लावणार नाही. म्हैस लावते. घोडी उपाशी राहील, पण लावणार नाही. लोक याला घोडीचा तोरा म्हणायचे. मला ते तिचं शहाणपण वाटायचं.

आबांनी त्यावर नियम घालून दिले होते. घोडीला शेंड्याकडचा पाल्याचा भाग, बैलांना जाड बुडखे. एकदम भारा टाकायचा नाही, दिवसातून चारदा थोडी थोडी वैरण टाकायची. पेंढीचं आळं सोडून बाजूला ठेवायचं, म्हणजे ते पोटातही जात नाही आणि पुढं बांधायला कामी येतं. घोडीपुढची चघळ म्हशींना, म्हशींपुढची उकिरड्याला. नियम उत्तमच होते. पाहुणे यायचे, घोडीच्या पायाखालची स्वच्छ जमीन पाहायचे आणि आबांच्या काटकसरीची वाखाणणी करायचे. पण ‘दिवसातून चारदा’ म्हणजे गंजीपासून गोठ्यापर्यंत चारदा चालणं, चारदा वाकणं, कोयत्यानं पेंढीचे तुकडे करणं आणि रात्री सगळे आडवे झाल्यावर कंदील घेऊन पुन्हा एकदा उठणं. हे सगळं माय करायची. वाया जाणारी वैरण वाचत होती ती तिच्या कमरेच्या हिशोबात, आणि तो हिशोब कुठंच मांडला जात नव्हता.

पुढं 1972 आलं. आदल्या साली पाऊस कमीच झाला होता, त्या साली तो जवळजवळ आलाच नाही. गंजीचा तळ दिसायला लागला तेव्हा काटकसर संपून नुसती कसर उरली. छपरावरचं जुनं गवत उतरवून बैलांपुढं टाकलं गेलं. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर, मुलांना सुकडी, पोटाला लाल मिलो. घोडी त्या उन्हाळ्यात खानदेशाकडच्या एका माणसाबरोबर गेली. विकली की देऊन टाकली हे आबांनी कधीच सांगितलं नाही. तिची गव्हाण रिकामीच ठेवली होती, नंतर कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

औरंगाबादला कॉलेजात इतिहास शिकताना शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र वाचनात आलं. राज्याभिषेकाच्या आसपासचं. रयतेच्या भाजीलाही धक्का लावू नका, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या वैरणीबद्दल आहे, हे भाषणं करणारे विसरतात. पावसाळाभर घोडदळ छावणीत राहणार, दाणा आणि गवत मोजकं. आज आहे म्हणून मनास येईल तसं उधळलं तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग उपाशी पागा कुणब्याच्या दारात जाऊन ओरबाडेल. अशी ती सरळ साखळी आहे. आणि त्याहून मला गुंतवणारा भाग आगीचा. गवताच्या गंज्या लागलेल्या, आणि कुणी वारा न पाहता चूल पेटवतो, कुणी तंबाखू ओढतो, कुणी दिवा तसाच ठेवून झोपतो. उंदीर जळती वात पळवतो आणि सगळं भस्म. एवढं राज्य उभं करणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करत होता. आमच्याकडं दर उन्हाळ्यात कुठली ना कुठली गंजी पेटते आणि बातमी येते. वर्षाची वैरण एका विडीत जाते. मराठी मुलखात वैरणीच्या नासाडीवर याहून नेमकं काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

त्या काळी औरंगाबादच्या स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असायची. टांगेवाल्यांना ना गंजी ना गोठा. बायका डोक्यावरून गवताच्या आणि लसूणघासाच्या पेंढ्या आणून विकायच्या, आणि टांगेवाले त्या रोज विकत घ्यायचे. रोकड मोजून आणलेली वैरण कशी जपली जाते ते तिथं पाहावं. हिरवी पेंढी टांग्याच्या पाट्याखाली, तिच्यावर ओलं पोतं. सवारी मिळेपर्यंत एकेक मूठ घोड्याच्या तोंडाशी. दाण्याची वेळ झाली की तोबरा. भिजवलेले हरभरे त्यात, वर भुसा, आणि वादी कानांमागून बांधली की एक दाणा खाली पडायची सोय नाही. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याशी माझी ओळख झाली होती. तो म्हणायचा, “साब, तोबरा अच्छी चीज है, मगर उतारना भूले तो जानवर अपनीच साँस में भीगता.” हिंदी-दखनी त्याची, शहाणपण कुठल्याही पागेतलं. खाणं झालं की तो लगेच तोबरा काढून उन्हात उलटा टाकायचा. त्याच्या घोड्याच्या बरगड्या दिसत होत्या हेही खरं आहे. नुसत्या काटकसरीनं घोडं पोसत नाही.

मी शिक्षक झालो, गावाकडं जाणं-येणं राहिलं. घरात बैलच उरले होते. त्याच सुमारास हाताच्या चाकाची कडबा कापायची कुट्टी आली. लोखंडी चाक, त्यावर दोन पाती, एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पेंढी सारायची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कारखानदारीला सुरुवात केली ती कडबा कापायच्या यंत्रानं आणि लोखंडी नांगरानं. 1910 ला किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर. किर्लोस्करांची कारखानदारी जनावराच्या वैरणीतून उगवली असं म्हटलं तर फार चूक नाही. नांगराचं कौतुक पुष्कळ झालं, बिचारी कुट्टी मागं राहिली. वास्तविक तिनं बैलापुढचा बुडखा वाचवला. अख्ख्या पेंढीतला जो भाग बैल चाटून सोडून देतो, तो कापून भुशात मिसळला की मुकाट्यानं खातो. पण चाक फिरवायला घरात दोन बाया लागायच्या, आणि पाती बोटाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. बोट गमावलेली माणसं आमच्या भागात प्रत्येक गावात भेटतील. पुढं विजेची मोटर बसली आणि चाकाचे कष्ट गेले. बोटांची भीती तेवढी वाढली.

दरम्यान कडबाच आखूड झाला. 1964 ला संकरित ज्वारी आली, धान्य वाढलं, ताट मात्र ठेंगणं. मोहोळला निवडलेली मालदांडी रब्बीत टिकून राहिली ती भाकरीच्या चवीइतकीच कडब्यासाठी. आज फुलंब्री-सिल्लोडच्या पट्ट्यात पाहाल तिकडं कपाशी आणि मका. कपाशीच्या पऱ्हाट्या जनावर खात नाही. मक्याची ताटं खातं, पण ती नीट वाळली नाहीत तर बुरशी धरतात, आणि बुरशीची वैरण बैलानं एखाद्या वेळी पचवली तरी घोड्याच्या पोटात शूळ उठतो. म्हणजे वैरण महाग झाली आणि तिच्यातली खात्रीही गेली.

एवढ्यात आमच्या घरात पुन्हा घोडी आली. पुतण्याची हौस. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथल्या घोड्यांच्या बाजारातून त्यानं एक पांढरी घोडी आणली. लग्नसराईत वरातीला जाते, बाकीचं वर्ष खाते. पहिल्या महिन्यातच त्याला कळलं की घोडी घेणं सोपं, पोसणं अवघड. “काका, निम्मी वैरण पायाखाली जातीय,” तो म्हणाला. मी म्हटलं, “आबांचे नियम आठव.” तो म्हणाला, “आबांकडं मोठी माय होती. माझ्याकडं कोण आहे रात्री उठायला?” प्रश्न बरोबर होता. हाच प्रश्न त्या काळी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

त्यानं आधी घरातली विजेची कुट्टी लावली आणि बारीक कातरण घोडीपुढं ठेवली. मी नको म्हटलं. बैलाचं ठीक आहे, घोड्याला लांब काडी चावत बसू द्यावी लागते. किलोभर सुकं गवत खायला त्याला साधारण 40 मिनिटं लागतात, त्यात लाळ सुटते आणि त्या लाळेवर त्याचं पोट चालतं. बारीक चुरा तो घाईनं गिळतो, घशात अडकवून घेतो, आणि लवकर मोकळा झाला की गव्हाणीचं लाकूड कुरतडत बसतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांनी दिलेलं मापही सोपं होतं: घोड्याच्या वजनाच्या शेकडा दीड ते दोन भाग सुकी वैरण रोज. 300 किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो. वजन काट्यावर केलं तेव्हा दिसलं की पुतण्या यापेक्षा बरीच जास्त टाकत होता आणि घोडी तरी खंगत होती.

मग उंच गव्हाण बांधायचा बेत निघाला. उंच गव्हाणीत वैरण सांडत नाही हे खरं, पण घोड्याची मान खाली असावी लागते. मान वर करून खाल्लं की धूळ आणि कुसळं डोळ्यांत, नाकात जातात. जमिनीवर टाकावं तर वैरणीबरोबर माती पोटात जाते. दोन्हीकडून पंचाईत.

तोड काढली ती पुतण्याच्या बायकोनं. ट्रॅक्टरचं मागचं जुनं टायर घोडीपुढं आडवं टाकलं. कड गुडघ्याएवढी, लाथ बसली तरी फुटत नाही, घोडीला इजा नाही. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तळाला फरशी तिरपी घातली आणि टायरला भोकं पाडली. सारंगखेड्याला व्यापाऱ्यांकडं जाळीत भरलेलं गवत तिनं पाहिलं होतं. तशीच जाळी तिनं नायलॉनच्या दोरीची विणली, छिद्रं तीन बोटांची. पण ती टांगली नाही. नाल मारलेला पाय जाळीत अडकला तर घोडी स्वतःला मोडून घेईल, हे तिच्या लक्षात आलं. वैरण टायरात भरायची, वरून जाळी अंथरायची आणि कडेच्या भोकांना ताणून बांधायची. घोडी ओठांनी छिद्रातून काडी-काडी ओढते. ढीग उपसता येत नाही, पायाखाली घेता येत नाही. गवत मात्र तिनं बदललं: डोंगराकडचं पवन्या आणि मारवेल, कुसळ धरायच्या आधी कापून वाळवलेलं, आणि ज्वारीचा कडबा मिळाला तर कोयत्यानं वीत-वीतभर तोडलेला. पहिले दोन-तीन दिवस घोडीनं टायरावर खूर आपटून राग काढला. नंतर रमली.

आता संध्याकाळी एकदा टायर भरलं की रात्र निघते. टोपलीभर निघणारी चघळ मूठभरावर आली. पुतण्याला वैरण वाचल्याचं अप्रूप आहे आणि येईल त्याला तो टायर दाखवतो. त्याची बायको दाखवत नाही. तिला विचारलं तर म्हणते, “काका, मला रात्री उठावं लागत नाही, एवढंच पाहिजे होतं.”

वैरण वाचवायच्या योजना मी पुष्कळ ऐकल्या. मुरघास करा, युरियाची प्रक्रिया करा, अमुक यंत्र घ्या. त्यातल्या बऱ्याचशा चांगल्या आहेत. पण त्या सांगणारा माणूस नेहमी घरातल्या पुरुषाशी बोलत असतो, आणि तो पुरुष ओसरीवर बसून मान हलवत असतो. सल्ला बरोबर, फक्त पत्ता चुकलेला. म्हणून कित्येक गोठ्यांत छातीएवढ्या उंच सिमेंटच्या गव्हाणी दिसतात, ज्यांच्यात पाटी टाकताना बाईला टाचा उंचवाव्या लागतात, आणि कुट्टीचं बटण पात्यांच्या पलीकडं असतं.

तुम्ही गव्हाण बांधणार असाल, घोड्याची असो की म्हशीची, गवंड्याला माप देण्याआधी ती रोज भरणार कोण हे ठरवा, आणि माप तिलाच विचारा.