माशांची रात्र

घरातल्या टाकीत आपण जे मासे पाळतो, त्यांना पापण्या नसतात. उजेड नकोसा झाला तर डोळे मिटून घ्यायची सोय नाही. नदीत असते तर ते कपारीत, पानाखाली, खोल डोहात सरकले असते. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत तेवढं खोल काही नसतं. त्यामुळे टाकीवर लाइट लावणारा माणूस त्यांचा दिवस ठरवतो आणि त्यांची रात्रही.

ही रात्रीची बाजू लाइटच्या बॉक्सवर लिहिलेली नसते. तिथे असतात वॅट, लुमेन, केल्विन आणि सोळा रंगांचा रिमोट.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आठवड्यातले तीन दिवस पुण्याला जायची गरज नसते, तेव्हा नारायणगावजवळच्या आमच्या वाडीतूनच लॉगिन करते. टाकी आणली ती आजीसाठी. आजोबा गेल्यापासून तिची झोप मोडली होती. रात्री दोनला उठून खाटेवर नुसती बसून राहायची. टीव्ही तिला आवडत नाही. भावाने कुत्रं आणू म्हटलं, पण आधीचं कुत्रं बिबट्याने अंगणातून नेलं होतं आणि तिला परत ते नको होतं. मग मासे. टाकी तिच्याच खोलीत, खाटेसमोर ठेवली.

पाणी भरताना ती म्हणाली, “माझं म्हायेर पाण्याखाली गेलं, आन् आता पाणीच माझ्या घरात आलं.”

तिचं माहेर जुनं आंबेगाव. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावाच्या नावाने तालुका आहे ते गावच पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात, तेव्हा लोक बघायला जातात. आजी एकदाच गेली. परत कधी गेली नाही.

तर लाइट. दुकानदाराने ३० वॅटचा पट्टा काढून दाखवला. “मॅडम, उजेड जेवढा जास्त तेवढे मासे उठून दिसतात.” आपल्याला छान दिसतात हे खरं. पण टाकीत राहणाऱ्यांना तेवढा उजेड हवा असतो का, हा हिशेब वेगळा. तो अवघड नाही, तुम्हीही करू शकता.

आमची टाकी २४ बाय १२ बाय १५ इंच. काठोकाठ भरली तर साधारण ७० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की ६० लिटर. कमी उजेडात वाढणाऱ्या वनस्पतींना, म्हणजे अनुबियास, जावा फर्न, वॅलिस्नेरिया अशांना, लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात असा ढोबळ नियम आहे. मधला आकडा १५ धरा. ६० गुणिले १५, म्हणजे ९०० लुमेन. बरा एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० लुमेन देतो. म्हणजे ९ वॅट. घरात छताला लावतो तेवढ्याच ताकदीचा, फक्त पट्टीच्या आकाराचा, सगळा उजेड खाली टाकणारा. मी १० वॅटचा घेतला. रोज ७ तास लावला तर महिन्याला जेमतेम २ युनिट.

यात एक खोच आहे. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेलं आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट उजेड सगळ्यात प्रखर वाटतो, म्हणून लुमेन मोजताना त्याला जास्त वजन मिळतं. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात आणि त्यातही हरितद्रव्य निळा आणि लाल जास्त शोषतं. म्हणून नुसते लुमेन बघून भागत नाही, रंगही बघावा लागतो. ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी साध्या टाकीला पुरतो. त्याच्या आत खरं तर निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळसर लेप. निळ्यातला काही भाग तो लेप पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवायला शास्त्रज्ञांची बरीच वर्षं गेली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज तोच निळा आपल्या फोनच्या पडद्यामागेही आहे.

उजेड जास्त झाला तर काय होतं? शेवाळ. हे बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं म्हणजे टाकीतलं खत. “पाणी, खत आन् ऊन जादा झालं की आधी तणच उठतं,” ते म्हणाले. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये खुरपं घेऊन बसणाऱ्या माणसाचा हा अनुभव कुठल्याही मॅन्युअलपेक्षा पक्का आहे.

मासे मी झेब्रा डॅनिओ निवडले. निऑन टेट्रा दिसायला भारी, पण तो अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, उबदार पाण्यातला. झेब्रा आपल्याच उपखंडातला आणि जुन्नरची थंडी त्याच्यापेक्षा बरी सोसतो. टायमर लावला दुपारी दोन ते रात्री नऊ, कारण दुपारची झोप काढून आजी तेव्हा उठते. टायमर डिजिटल, आत छोटी बॅटरी असलेला. चाकाचा टायमर स्वस्त मिळतो, पण लाइट गेली की तोही थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. आमच्याकडे जेवढ्या वेळा लाइट जाते, ते बघता आठवड्याभरात माशांची दुपार मध्यरात्री झाली असती. वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ ठेवला, म्हणजे पाणी ओघळलंच तर तिथून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

इथवर सगळं इंजिनिअरिंग होतं. पहिल्याच रात्री नऊला टाकी अंधारली आणि आजीची हाक आली.

“लाइट का घालवली गं?”

“आजी, माशांना झोपायचंय.”

“आन् मी काय करू?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आमच्या भागात अंधार म्हणजे तारे बघायची गोष्ट नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात आणि चारही तालुक्यांत ऊस आहे, उसात बिबट्या आहे. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, आमच्या शाळेच्या पोरांना ते पाठ आहे. शेतीला थ्री फेजची पाळी रात्रीची आली की बाबा मोटार चालू करायला बॅटरी आणि काठी घेऊन निघतात आणि आई ते परत येईपर्यंत ओट्यावर उभी असते. दिवसा वीज द्या, ही मागणी इथे कितीतरी वर्षांची आहे. त्यात उसाच्या दराइतकाच जिवाचा प्रश्न आहे. अशा गावात म्हाताऱ्या बाईला ‘अंधार चांगला असतो’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

रिमोटवर एक बटण होतं, चंद्राचं चित्र असलेलं. दाबलं की टाकी निळी होते. मला वाटलं दोघांचं भागेल. मग वाचत बसले. चांदणं निळं नसतंच, तो परावर्तित सूर्यप्रकाश असतो आणि अगदी क्षीण. भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, पौर्णिमेला १ लक्ससुद्धा नाही. बटणातला चंद्र त्याच्या कितीतरी पट तेजाळ. शिवाय निळसर उजेड माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन सगळ्यात जास्त दाबतो, म्हणजे झोप यायचा संकेतच पुसतो. माशांच्या मेंदूतली पिनिअल ग्रंथी तर स्वतःच उजेड ओळखते. आणि झोपेवरचं बरंच संशोधन याच झेब्रा माशावर झालंय. सतत उजेडात ठेवलं तर त्याची झोप जवळजवळ बंद होते. म्हणजे ते बटण मासे आणि आजी, दोघांनाही जागं ठेवणारं होतं.

मी हे आजीला मेलाटोनिनचं नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला. तिने मध्येच थांबवलं.

“मला ठावं हाय. मृगाचा पाऊस पडला की घोडीला मासे चढायचे. बाप्ये बत्ती घेऊन जायचे. उजेड धरला की मासा जागच्या जागी थिजतो. मग हातानं उचलायचा.”

थोडा वेळ ती टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी ही रातभर बत्ती धरल्यावानीच झालं की.”

तेव्हा कळलं की आम्ही दोघी एकाच दिव्याकडून दोन कामं मागत होतो. आजीला टाकीतला उजेड नको होता. रात्री उठल्यावर पाय कुठे पडतो ते दिसायला हवं होतं आणि खोलीत काही नाही याची खात्री हवी होती. त्यासाठी वेगळा दिवा लागतो. खाटेच्या पायथ्याशी, गुडघ्याच्याही खाली, पिवळसर रंगाचा, अर्ध्या वॅटचा. पाय जमिनीवर टेकले की सेन्सरने लागतो, बाथरूमपर्यंत वाट दाखवतो आणि दोन मिनिटांनी विझतो. टाकीच्या आणि त्याच्यामध्ये मी लाकडी पेटी ठेवली.

असे छोटे दिवे घेताना मी अजून एक गोष्ट बघते, आणि ती आमच्या गावामुळे. इथून जवळच खोडद आहे. तिथे आणि आसपास जीएमआरटीच्या ३० अँटेना उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. रेडिओ लहरींचा कोलाहल कमी म्हणून ही जागा निवडली गेली. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचं घोडं या दुर्बिणीपाशी अडलं, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. एलईडीला लागणारा डीसी करंट तयार करणारं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. स्वस्त ड्रायव्हरमध्ये फिल्टर नसतो, मग त्यातून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. तपासायचा असेल तर जुना एएम रेडिओ दिव्याजवळ न्या. खरखर वाढली तर समजा. मी आजोबांचा रेडिओ घेऊनच दुकानात गेले. दुकानदार हसला, पण त्यानेही नंतर दोन-चार ड्रायव्हर लावून बघितले. एका दिव्याने दुर्बीण आंधळी होत नाही. पण याच दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण संकेत टिपला, हे २०२३ मध्ये जाहीर झालं, आणि आम्ही तिचे शेजारी आहोत. शेजाऱ्याने आवाज जपून करावा, एवढंच.

घरातला प्रश्न सुटला तरी टाकी अंधारी होईना. नऊनंतरही काचेवर पांढरा झोत पडायचा आणि मासे वरच्या कोपऱ्यात घुटमळत राहायचे. तो झोत शेजारच्या काकांच्या फ्लडलाइटचा होता. बिबट्यासाठी त्यांनी खांबावर मोठा एलईडी लावला होता आणि त्याचं तोंड आमच्या खिडकीकडे होतं. मी बोलायला कचरत होते. बिबट्याच्या भीतीने लावलेला दिवा माशांसाठी बंद करा, असं कुणी कुणाला सांगावं?

आजी स्वतः गेली. काका नात्याने तिचे पुतणे. तिने बंद करायला सांगितलंच नाही.

“तुझी वासरं कुठं बांधलीत?”

“गोठ्यात, मागं.”

“मग उजेड माझ्या खिडकीत का पाडतोस? बिबट्या काय मासे खायाला येणारे? गोठ्यावर पाड की.”

काका शिडी लावून चढले आणि दिव्याचं तोंड खाली, गोठ्याच्या दाराकडे वळवलं. आता त्यांच्या दारासमोरची जागा पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते. दिवा तोच, बिलही तेवढंच येतं. आमची खिडकी काळी झाली.

दिवा घेताना ‘किती वॅटचा’ हे आपण सगळ्यात आधी विचारतो. तो कुठे पडणार आणि कधी विझणार, हे विचारलं तर बहुतेक वेळा कमी वॅटवर भागतं.

आजीची झोप जादूने बरी झाली असं मी सांगणार नाही. ती अजूनही दोनला उठते. पण खालचा पिवळा दिवा लागतो, ती पाणी पिते, अंधाऱ्या टाकीकडे बघून परत आडवी होते. काही रात्री पाचपर्यंत डोळा लागतो. सकाळी आधी खिडकी उघडायची, खोलीत उजेड भरू द्यायचा, टाकीचा दिवा एकदम लावून माशांना दचकवायचं नाही, हा नियम तिनेच केला आहे आणि माझ्या भावाने तो मोडला की त्याला बोलणी बसतात.

परवा तिने विचारलं, टायमर नऊऐवजी साडेआठवर आणता येईल का.

“का गं?”

“पोरं दमतात.”

मी साडेआठ केले.