ओहोटीची वाट : बक्खाली आणि हेन्री बेट

कोलकात्याला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची यादी बहुधा ठरलेली असते. कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल, हावड्याचा पूल, आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर गंगासागर. समुद्रकिनारी फिरायला म्हणून कोलकात्याला कोणी जात नाही. ते साहजिकच आहे, कारण कोलकाता हे बंदर असले तरी ते नदीवरचे बंदर आहे. समुद्र तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. पण हाती दोन दिवस मोकळे असतील आणि चार-पाच किलोमीटर चालण्याची तयारी असेल, तर दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्याच्या अगदी टोकाला एक सुंदर किनारा आपली वाट पाहत असतो. त्याचे नाव बक्खाली. त्याच्या पश्चिमेला फ्रेझरगंज आणि पूर्वेला, खाडीपलीकडे, छोटेसे हेन्री बेट.

नकाशावर पाहिले तर बक्खाली-फ्रेझरगंजचा भाग जमिनीच्या जिभेसारखा बंगालच्या उपसागरात शिरलेला दिसतो. खरे तर नामखान्याजवळची हातानिया-दोआनिया नदी या भागालाही उरलेल्या जमिनीपासून तोडते. पूर्वी येथे मोटारी आणि बसगाड्या तराफ्यासारख्या मोठ्या बोटीवर चढवून पलीकडे न्याव्या लागत आणि रांगेत तास-दोन तास सहज जात. 2019 साली पूल वाहतुकीला खुला झाला आणि हा खोळंबा संपला.

सूर्य उगवतो समुद्रात, मावळतोही समुद्रात

कोकणच्या माणसाला समुद्रातला सूर्यास्त नवा नाही. पण सूर्योदय त्याला डोंगरामागूनच पाहावा लागतो. बक्खालीचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. त्यामुळे हिवाळ्यात, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असताना, तो समुद्रातून वर येताना दिसतो आणि संध्याकाळी समुद्रातच बुडतानाही दिसतो. म्हणून येथे मुक्काम करायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, आणि पहाटेचा आळस सोडून.

इथली वाळू पांढरीशुभ्र नाही. गंगेने हिमालयापासून वाहून आणलेला गाळ तिच्यात मिसळलेला असल्याने ती करडी, बारीक आणि दाबून बसलेली असते. पाय रुतत नाहीत, लहान मुले पळत सुटतात आणि आजीआजोबांनाही काठी टेकत निवांत चालता येते. गावातली मंडळी तर या वाळूवरून सायकली दामटतात. पाणी मात्र गढूळ असते. निळ्याशार लाटांची अपेक्षा ठेवून आलेल्याची निराशा होईल. येथे पाहायचे ते पाणी नव्हे, तर ओहोटीने उघडा केलेला अथांग किनारा.

बक्खालीहून निघून समुद्र डाव्या हाताला ठेवत पश्चिमेकडे चालू लागले की रमतगमत तासाभरात फ्रेझरगंजचा किनारा येतो. उजवीकडे सुरूची झाडे. बंगालीत त्यांना ‘झाऊ’ म्हणतात. वाटेत शहाळी आणि चहाच्या टपऱ्या लागतात. तिथल्या बाईंना हाक मारताना आपल्याकडचे पाहुणे जरा बिचकतात, कारण बंगालीत मावशीला ‘माशी’ म्हणायचे! पण एकदा ‘ओ माशी, चा दिन’ म्हटले, की मातीच्या भांड्यातल्या चहाबरोबर घरच्यासारखी विचारपूसही मिळते.

फ्रेझरगंज हे नाव बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अँड्र्यू फ्रेझर यांच्यावरून पडले. 1903 ते 1908 या काळात ते त्या पदावर होते. त्यापूर्वी या जागेचे नाव होते नारायणतला. कोलकात्याच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबलोकांसाठी येथे हवापालटाचे ठिकाण वसवावे, हा त्यांचा बेत. तो फारसा पुढे गेला नाही. साहेब गेले, नाव उरले. त्या काळच्या बांधकामांचे अवशेषही समुद्राने गिळल्याचे गावकरी सांगतात.

हेन्री बेटाची पाऊलवाट

दुसऱ्या दिवशीची वाट हेन्री बेटाची. बक्खालीहून ते पाचेक किलोमीटरवर आहे आणि तीनचाकी व्हॅन किंवा टोटो, म्हणजे विजेवर चालणारी रिक्षा, तिथवर नेते. हे बेट राज्याच्या मत्स्य विकास महामंडळाकडे आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना मत्स्यशेतीची तळी आणि त्यांच्या बांधांवर ध्यान लावून बसलेले बगळे व खंड्या दिसतात. महामंडळाची पर्यटक निवासेही येथे आहेत. निरीक्षण मनोऱ्यावर चढले की एका बाजूला तळ्यांचे चौकोन आणि दुसऱ्या बाजूला हिरवे रान व त्यापलीकडे समुद्र असा देखावा एका नजरेत मावतो.

तळ्यांच्या पुढची वाट खारफुटीच्या रानातून जाते. ज्या सुंदरी वृक्षावरून सुंदरबनाला नाव मिळाले असे मानतात, तो या रानचाच. त्याच्याबरोबर गेवा, गरान आणि आपल्या खाड्यांतून दिसणारी तिवरे. चिखलातून वर आलेल्या खुंट्यांसारख्या मुळ्यांवर मुले हटकून अडखळतात. ती या झाडांची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळ्या वर काढून श्वास घेते. चिखलावर उड्या मारणारे मासे पाहून कोकणातली मंडळी मात्र लगेच ओळखतील, ‘अरे, ही तर आपली निवटी!’

रान संपते आणि एकदम मोकळा किनारा समोर येतो. दूरवर वाळूवर लाल गालिचा अंथरल्यासारखा दिसतो. दहा पावले पुढे टाकावीत, तो गालिचा नाहीसा! ते हजारो लाल खेकडे असतात. पावलांची चाहूल लागताच क्षणार्धात बिळात शिरतात. त्यांच्यामागे धावण्यापेक्षा पाच-दहा मिनिटे शांत बसून राहावे. मग एकेक करून ते बाहेर येतात आणि आपल्याभोवती पुन्हा गालिचा विणला जातो.

बोंबलाचा बंगाली संसार

तिसरी छोटी फेरी फ्रेझरगंजच्या मासेमारी बंदराची. थंडीत या भागात बांबूच्या मांडवांवर मासे वाळत घातलेले दिसतात. जवळ जाऊन पाहावे तर बोंबील! वर्सोवा, वसई, सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळणारा हाच मासा बंगालमध्ये ‘लोटे’ किंवा ‘लोइट्टा’ होतो आणि सुक्या मासळीला म्हणतात ‘शुटकी’. मराठी घरात सुक्या बोंबलाच्या कालवणावरून जसे दोन तट पडतात, तसेच बंगाली घरातही शुटकीवरून पडतात. पूर्व बंगालातून आलेल्यांना ती जीव की प्राण, तर इतर अनेकजण नाकाला पदर लावतात.

आपल्याकडे मासेमारी बंदी जून-जुलैत असते. पूर्व किनाऱ्यावर ती 15 एप्रिल ते 14 जून अशी 61 दिवस असते. त्या दिवसांत बंदरात नुसत्या उभ्या होड्याच दिसतात.

बंदरातून समोरच्या जंबुद्वीपाला होडीने फेरी मारता येते, पण बेटावर उतरता येत नाही. पूर्वी थंडीत हजारो कोळी तिथे मुक्काम करून मासळी वाळवीत. ते राखीव वन असल्याने 2002 च्या सुमारास वनखाते आणि कोळी यांच्यात मोठा वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि ते मुक्काम बंद झाले. रान राखायचे की पोट, हा प्रश्न या किनाऱ्यावर कधी सोपा नव्हता.

मागे सरणारा किनारा

चालता चालता एक गोष्ट डोळ्यांना खुपते. कित्येक ठिकाणी सुरूची झाडे मुळासकट आडवी पडलेली असतात. काल रानात असलेले झाड आज वाळूत आणि उद्या पाण्यात, असा हा प्रवास आहे. नद्यांतून येणारा गाळ घटला, त्रिभुज प्रदेशाची जमीन हळूहळू खचते आहे आणि समुद्राची पातळी वाढते आहे. त्यात वादळांची भर. 2009 मध्ये आयला, नोव्हेंबर 2019 मध्ये बुलबुल, मे 2020 मध्ये अम्फान आणि मे 2021 मध्ये यास, अशी एकामागून एक संकटे या भागावर आली. जवळचे लोहाचरा बेट पाण्याखाली गेले. घोडामारा बेट झिजत चालले असून तिथली अनेक कुटुंबे सागर बेटावर येऊन वसली आहेत. खारे पाणी शेतात शिरले की भाताचे पीक हातचे जाते आणि घरातला कर्ता पुरुष कामासाठी दूरच्या राज्यात जातो.

म्हणूनच हेन्री बेटावरची ती चिखलातली झाडे केवळ शोभेची नाहीत. वादळात उसळलेल्या लाटांचा पहिला मार ती अंगावर घेतात. बक्खालीत बनबीबीचे देऊळ आहे. रानात जाणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही या रानदेवीला हात जोडतात. रानाने आपल्याला राखावे आणि आपण रानाला, असाच त्या नमस्काराचा अर्थ. पाहुण्यांनी एवढेच करावे, की खारफुटीची फांदी मोडू नये, खेकडे पकडू नयेत आणि प्लॅस्टिकची पिशवी परत आणावी.

भरतीचे भान

या सोप्या वाटांवर एकच धोका आहे, तो भरतीचा. येथे उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि किनारा सपाट असल्याने पाणी झपाट्याने आत येते. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब येथे लागू पडत नाही. म्हणून निघण्यापूर्वी निवासावर किंवा टपरीवर वेळ विचारून घ्यावी आणि ओहोटी लागल्यावरच निघावे. वाळूच्या दूरच्या पट्ट्यावर मुलांना एकटे सोडू नये, कारण पुढून लाट येण्याआधीच मागच्या खोलगट भागात पाणी भरते. हेन्री बेटावरून अंधार पडण्यापूर्वी परतावे.

कसे जाल?

सियालदह स्थानकाच्या दक्षिण विभागातून नामखान्याला लोकल गाड्या सुटतात. प्रवास सुमारे तीन तासांचा. नामखान्याहून बक्खाली सुमारे 25 किलोमीटर असून बस आणि इतर वाहने मिळतात. कोलकात्याच्या धर्मतला भागातून थेट बसही आहेत. मोटारीने डायमंड हार्बर, काकद्वीप, नामखाना या मार्गाने साधारण चार तास लागतात. पावसाळा आणि मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले वादळाचे इशारे टाळावेत. सोबत टोपी, पाणी आणि चिखलात चालतील अशा चपला असाव्यात.

परतताना चपलांना लागलेला करडा गाळ झटकला, तरी थोडा राहतोच. हिमालयातून निघून येथवर आलेली ती माती. तिच्याच आधाराने हा किनारा उभा राहिला आणि तिच्याच आधाराने तो टिकायचा आहे.