बोटांना जागा ठेव

कोल्हापूर

चि. चिमणीस,



सनद मिळाली, हायकोर्टात ज्युनियर म्हणून जायला लागलीस, हे आईनं कळवलं. पाठोपाठ तुझा प्रश्नही आला. दिवसभर चालता येईल, कोट-बँडखाली शोभेल आणि आजीबाईचं वाटणार नाही, असं बिनटाचेचं काय घ्यावं? बरोबर माणसाला विचारलंस. माझी सारी नोकरी वॉर्डात उभ्यानं झाली. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो मावशी, हो मावशी" करून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते. कागद पर्समध्ये घालून दुकानात ने.

आधी तुझा दिवस डोळ्यांपुढे आण. डोंबिवली स्टेशनचा पूल, लोकलमध्ये सीएसएमटीपर्यंत उभ्यानं, तिथून हुतात्मा चौकावरून कोर्टापर्यंत पायी. मग ती १८७८ साली पुरी झालेली दगडी इमारत, तिचे जिने, तिचे व्हरांडे. एका कोर्टात तारीख घेईतो दुसरीकडे तुमचं मॅटर पुकारायच्या बेतात. काखेत सिनियरच्या फायली, आणि फायलींचं वजनसुद्धा शेवटी पायांवरच येतं. दुकानात 'ऑफिस वेअर' म्हणून मांडलेलं बरंचसं पायताण खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईसाठी केलेलं असतं. तुझं काम नर्सच्या जातीचं आहे, तेव्हा खरेदीही नर्ससारखी कर.

बिनटाचेचं म्हटलं की दुकानदार पहिल्यांदा बेली काढतो. दिसायला गोड, वजनाला हलकी, पर्समध्येही मावते. तिचं मूळ नाचाच्या बुटात आहे. पॅरिसमध्ये रोझ रेपेटो नावाची बाई १९४७ पासून बॅले नर्तकांसाठी बूट शिवत होती. १९५६ साली ब्रिजित बार्दोनं तिच्याकडून तसेच, पण रस्त्यावर घालता येतील असे बूट करून घेतले आणि ती फॅशन जगभर गेली. पण नाचणाऱ्या मुलीचं पाऊल पडतं लाकडी तक्तपोशीवर आणि तुझं फोर्टातल्या पेव्हर ब्लॉकवर. चालताना आधी टाच टेकते, मग भार पुढे सरकतो आणि शेवटी बोटं वाकून जमिनीला रेटा देतात. पातळ तळाच्या बेलीत टाचेचा प्रत्येक ठोका थेट हाडाला लागतो. वर पट्टा नाही, त्यामुळे ती निसटू नये म्हणून बोटं दिवसभर आत आवळलेली राहतात. तुझ्या ध्यानातही येत नाही, संध्याकाळी पोटऱ्या बोलायला लागल्या की कळतं.

टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला रोज असा ताण पडला की तो दुखावतो आणि मग सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकवत नाही. माझ्या बरोबरीच्या कितीतरी सिस्टर या दुखण्यानं हैराण झालेल्या मी पाहिल्यात. यात गंमत अशी की, दोष नुसत्या उंच टाचेचा नसतो, अगदी सपाट तळानंही हेच होतं. टाचेखाली दीड-दोन सेंटीमीटर उंची आणि तळाला थोडी जाडी असली की पाय खुशीत राहतो. लांबून ते बिनटाचेचंच दिसतं, म्हणजे तुझी हौसही भागते.

दुकानात जोड हातात घेतलास की तीन गोष्टी करून बघ. पुढचं टोक आणि टाच धरून वाकव. जिथं आपली बोटं वाकतात तिथंच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर खाली ठेव. मग दोन्ही हातांनी पीळ दे. ओल्या टॉवेलसारखा पिळला गेला तर तो पायाला काय धरणार? तिसरं म्हणजे टाचेमागची भिंत अंगठ्यानं दाब, ती घट्ट हवी. हे सगळं करताना सेल्सगर्ल तोंड वाकडं करील. करू दे. उलट तिच्या पायात काय आहे ते बघ, कारण दिवसभर उभी तीच असते. (वकील झालीस म्हणून जाता जाता सांगते, केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानं बंधनकारक केलं. दुकानातल्या बायकांना बसायची मुभा मिळावी म्हणून कायदा करावा लागतो, यावर कधीतरी वेळ काढून विचार कर.)

आता नंबराचं. "मला पाच नंबर लागतो" हे तू दुकानात शिरल्याशिरल्या सांगतेस, ते बंद कर. इंग्लिश नंबर एकानं वाढला की लांबी एक तृतीयांश इंचानं वाढते, युरोपियन नंबर एकानं वाढला की दोन तृतीयांश सेंटीमीटरनं. दोन्ही मापं लांबीची आहेत. रुंदीबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही, आणि आपलं सगळं दुखणं रुंदीचं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या सुमारे एक लाख लोकांचे पाय मोजले. भारतीय पावलं युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा सरासरीनं रुंद निघाली. त्यावरून देशाची स्वतःची मापपद्धत सुचवली गेली, तिचं नाव 'भा'. आजवर आपल्याकडचे बूट ज्या फर्म्यांवर चढवले जातात ते परदेशी पायाच्या बेतानं केलेले. मग रुंदी मिळावी म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, पुढे लांबी जास्त होते, टाच निसटते आणि दुकानदार आत स्पंजचा तुकडा घालून देतो. सासूबाई जन्मभर म्हणत राहिल्या की आपल्या घरात पाय फताडे आहेत. पाय चांगले होते गं, फर्मा अरुंद होता.

तेव्हा घरून निघताना कागदावर उभी राहा आणि दोन्ही पावलांची रेघ काढून घे, कातरून ने. दुकानात बूट त्या कागदावर ठेव. कागद चहूबाजूंनी बाहेर डोकावत असेल तर तो बूट पायात घालूनसुद्धा बघू नकोस. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा होतो. दोन्ही पायांत घाल. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो आणि माप त्या मोठ्याचं धरायचं. उभी राहा. सगळ्यांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी आणि आतल्या आत पाचही बोटं हलवता आली पाहिजेत. मग दुकानाच्या गालिच्यावरून उतरून साध्या फरशीवर चाल. गालिच्यावर सगळेच बूट मऊ लागतात.

"वापरून सैल होईल" हे वाक्य तुला हमखास ऐकू येईल. खरं चामडं रुंदीत थोडं सैलावतं हे कबूल. लांबीत ते वाढत नाही आणि रेक्झिन तर कशातच सैलावत नाही.

आता तू म्हणशील, कोल्हापुरात बसून मावशी कोल्हापुरीबद्दल बोलेना कशी. बोलते. आई म्हणाली की गेल्या वर्षापासून तुझ्या मैत्रिणी एकाएकी कोल्हापुरीच्या प्रेमात पडल्यात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं पुरुषांच्या पायांत हुबेहूब तसल्या चपला घातल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडे बोंब झाली, मग त्यांनी मूळ मान्य केलं आणि पुढे महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. दोन्ही राज्यांचं नाव यासाठी की भौगोलिक मानांकन दोघांना मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि त्यांच्याकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आमच्या चप्पल लाईनीत मिळणारा बराच माल कर्नाटकातल्या अथणी-निपाणीकडचा असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ही चप्पल पायाला का मानवते ते पायताण करणाऱ्याच्या ओट्यावर बसून बघावं. कातडं म्हशीचं किंवा बैलाचं. जुन्या रीतीत ते पिशवीसारखं शिवून टांगतात आणि त्यात बाभळीची साल व हिरडा घातलेलं पाणी भरतात. ते झिरपून झिरपून कातडं पिकतं. मग तळाचे थर, टाच, दोन बाजूंचे कान, वरचा पट्टा, अंगठा, वेणी. जुन्या पद्धतीत खिळा नाही, सगळं चामड्याच्याच दोऱ्यानं शिवायचं. अशा तळाला महिन्या-दोन महिन्यांत तुझ्या पावलाचा ठसा बसतो आणि नंतर ती चप्पल फक्त तुझी होते. बोटं मोकळी, टाचेला माफक उंची, आणि कापशीसारखी (हा कोल्हापुरीचाच एक प्रकार) घाटदार वस्तू इटलीलाही घ्यावीशी वाटली. रूप आणि सोय एका वस्तूत राहू शकतात हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला लागलं नाही.

तरीही कोर्टात रोज कोल्हापुरी घालू नकोस, हे मी कोल्हापूरची असून सांगते. नवी असताना ती चावते. तेल लावून, घरात थोडा थोडा वेळ घालून तिला माणसाळवावी लागते. गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो. मोच्याकडून खाली पातळ रबर मारून घेतलंस तर तेवढं टळेल. पण पाण्याला इलाज नाही. एकदा पावसात भिजली की तळ फुगतो, थर सुटतात. आणि उघड्या पायावर लोकलच्या गर्दीत कुणाचा बूट पडला तर काय होतं ते तूच जास्त जाणतेस. सुट्टीला, लग्नकार्याला, खादीच्या कुर्त्यावर जरूर घाल. पुढच्या खेपेला येशील तेव्हा आपण लाईनीत जाऊन तुझ्या मापाची करायला टाकू.

कोर्टासाठी माझं मत दोनच प्रकारांना. एक लोफर, काळ्या मऊ चामड्याचा, पुढून गोलसर. दुसरा म्हणजे पावलावरून एक पट्टा जाणारा बंद बूट, आपल्या शाळेच्या काळ्या बुटांचा जरा शहाणा झालेला अवतार. पट्टा पायाला धरून ठेवतो, त्यामुळे बोटांना आवळून राहावं लागत नाही. टोकदार हवाच असेल तर टोक बोटं संपल्यानंतर सुरू झालेलं हवं, म्हणजे लांबी थोडी जास्त दिसेल पण आत दाटी होणार नाही. चमकी, बो, सोनेरी बक्कल काही नको. काळ्या-पांढऱ्या वेषाला नीट कापाचा, पॉलिश केलेला साधा बूटच रुबाब देतो. साडी नेसशील त्या दिवशी आधी बूट घाल आणि मग निऱ्या काढ. बायका अनवाणी नेसतात, वर बूट चढवतात आणि बुटाची उंची असेल तेवढी साडी वर जाते. मग म्हणतात, फ्लॅटवर साडी शोभत नाही.

तुझ्या चेंबरमधल्या बाई टाचा घालतात म्हणून तुलाही दडपण येईल. लंडनमध्ये २०१५ साली निकोला थॉर्प या रिसेप्शनिस्टला उंच टाचा न घालता आली म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवलं होतं. तिच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये तिथल्या संसदेत चर्चा झाली. जपानात २०१९ साली युमी इशिकावानं याच कारणासाठी मोहीम चालवली. तुला तर कुणी सक्ती केलेली नाही. न्यायाधीश वकिलाच्या तोंडाकडे बघतात.

पावसाळ्याचा जोड वेगळा. रबराचे, मागे पट्टा असलेले सँडल घालून स्टेशन ते चेंबर कर आणि कोर्टाचे बूट चेंबरच्या कपाटात ठेव. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळव. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेस तर चामडं तडकेल. जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापर, घाम सुकायला एक दिवस मिळाला तर जोड टिकतो. तळ झिजल्याबरोबर मोच्याकडे जा. टाच एका बाजूनं झिजली की चालही त्या बाजूला कलते, गुडघा त्याच्यामागून जातो.

दोन स्वस्त जोडांऐवजी एक चांगला घे. किमतीकडे बघून मागे फिरू नकोस, निम्मे पैसे मी पाठवते, आईला सांगू नकोस. मात्र दुकानदार कितीही गोड बोलो, बोटं हलत नसतील तर त्याच पायी उठून बाहेर पड.

तुझी,
मावशी