पिठाची विरी

ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापतानाच कडेने चिरते. उकड काढून ती सावरता येते, पण ती ताज्या पिठाची भाकरी नव्हे. शंभर वर्षांपूर्वीची जालन्याकडची भाकरी पुन्हा करायची तर चूल, काटवट, खापराचा तवा जमवून भागत नाही. दळण आणि थापणं यांतलं अंतर काही तासांवर आणावं लागतं. हे मात्र छापील साधनांत सापडत नाही. गुप्त्यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० चं. ही दोन्ही पाकपुस्तकं मुंबई इलाख्यातली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात.

म्हणून मी जात्यावरच्या ओव्यांकडे वळते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या गटाने महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत पहाट आहे, सरलेलं दळण आहे. ओवी म्हणजे नोंदवही नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण इतक्या बायकांच्या तोंडी तेच येतं तेव्हा त्यामागे रोज पहाटे दळण्याची रीत असणारच. दुसरा आक्षेप धान्याचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं संकरित वाण आलं आणि बरीच जुनी वाणं मागे पडली. त्यामुळे चवीचा दावा मी करत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, हे मात्र तेव्हाही खरं होतं. भाकरी धरून ठेवतं ते ताजं पीठ आणि कढत पाणी. हुरडा पार्टीत चुलीवर पुड्यातलं पीठ थापून ‘पारंपरिक’ म्हणतात, ते मला मान्य नाही. जात्यावर दळून जुनी भाकरी करण्यात बायकांच्या कष्टांचा उदोउदो होतो, असंही म्हणतात. उदोउदो करणाऱ्याला अख्खं दळण खुंटा धरून ओढायला लावावं. मग उदोउदो कोणी करणार नाही.

मी स्वतः जात्यावर दळते, तेव्हा माझं घोडं अडतं ते टाकीपाशी, म्हणजे जात्याच्या दगडाला पाडलेल्या खाचांपाशी. टाकी खोल पडली की भरड येते, पुसट झाली की जातं नुसतं घसरतं, आणि नवी असली की पहिल्या दळणात खर उतरते. जात्याचा दगड ओळखून टाकी लावणारा हात आता शोधावा लागतो. एकटीने ओढून बारीक पीठ पाडण्याचा मला फार अभिमान होता; खांदा थकला तरी तो पुरता गेलेला नाही. आता समोर जोडीदारीण लागते. दोघींनी ओढलं की वेग सारखा राहतो, घास घालायला हात मोकळा राहतो, आणि त्याच टाकीवर पीठ एकसारखं पडतं. माझ्या एकटीच्या पिठावरून जुन्या भाकरीबद्दल जे ठाम बोलत आले, ते आता या पिठावर पुन्हा तपासायला हवं.