पावतीवरचे नाव

वडिलांच्या पश्चात, २०२२ साली, त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी माझ्या नावाची मुदतठेवीची एक पावती सापडली. मी एम. ए. झाले त्या वर्षी, २००४ साली, मास्तरकीच्या पगारातून साठविलेले १०,००० रुपये त्यांनी तीन वर्षांकरिता मुंबईच्या एका कंपनीत ठेवले होते. पावतीच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहिले होते : ‘मुदत जून २००७. सही मागविणे.’ त्यांनी सही मागविली होती, हे मला आठवले. तेव्हा प्रबंधाचे काम चालू होते, संसार नवा होता. ‘पाठवते’ म्हणाले आणि विसरून गेले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पावतीवरील पत्त्यावर गेले, तर दाराशी निराळीच पाटी. कंपनी बुडाली असे समजून परत फिरले. पुढे एका परिचित हिशेबतपासनिसांनी सांगितले, की कंपनी बुडालेली नाही. २०११ साली तिने केवळ नाव बदलले आहे. निबंधकांच्या दप्तरी तिचा नोंदणीक्रमांक पूर्वीचाच होता. त्या वेळी लागू असलेल्या १९५६ च्या कंपनी कायद्याच्या २३ व्या कलमाने, नाव बदलल्याने कंपनीच्या हक्कांना व दायित्वांना बाध येत नाही, असे स्पष्टच म्हटले होते. मुदत संपल्यावर सात वर्षे कोणी न मागितलेली ठेव गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होते. तशी माझीही झाली होती. पूर्वी त्या निधीत गेलेला पैसा परत मागता येत नसे. २०१३ च्या कायद्याने ती वाट उघडली आणि २०१६ पासून ती प्रत्यक्षात आली.

ऋणको सापडला, अडचण निघाली ती धनकोची.

अशा अर्जाची पडताळणी कंपनीनेच करून द्यावयाची असते. तेथील अधिकाऱ्यांनी सौजन्यपूर्वक कळविले, की पावतीवरील व्यक्ती आणि अर्जदार एकच असल्याचे सिद्ध होत नाही. आक्षेप अक्षरशः खरा होता. २००६ साली लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. मधले नाव वडिलांचे होते, तेथे पतीचे आले. आडनाव तर बदलणारच होते. तीन पदांपैकी एकही उरले नव्हते. विवाहनोंदणीचा दाखला, राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत आणि प्रतिज्ञापत्र, एवढे द्यावे असे ठरले. नाव बदललेली कंपनी नाव बदललेल्या स्त्रीकडे ओळखीचा पुरावा मागत होती. तिची ओळख कायद्याने एका क्रमांकात जपून ठेवली होती. माझी मला कागद गोळा करून उभी करावी लागत होती.

यमुनेच्या आनंदीबाई जोशी झाल्या, मनकर्णिकेच्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या, हे मी वर्गात इतकी वर्षे कंसातली माहिती म्हणून सांगत आले. त्या कंसात काय मिटून ठेवलेले असते, याचा विचार मी केला नव्हता. सध्या हैदराबादेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून माझा मुक्काम आहे. शेजारच्या खोलीच्या पाटीवर माझ्या तमिळ सहकारी बाईंच्या नावाआधी त्यांच्या वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आहे. लग्नानंतरही त्यांनी ते राहू दिले. त्या पाटीकडे पाहताना मला कधी कधी हेवा वाटतो. माझ्या वडिलांचे नाव माझ्या नावाजवळ आता फक्त जुन्या प्रमाणपत्रांवर आणि त्या पावतीवर होते. आणि नियमाप्रमाणे मूळ पावतीही अर्जासोबत देऊन टाकायची होती. दोन्ही बाजूंच्या प्रती काढून मी ती दिली.

असो. चौदा महिन्यांनी मुद्दल आणि मुदतीपर्यंतचे व्याज माझ्या खात्यावर जमा झाले. त्यानंतरच्या वर्षांचे व्याज मिळाले नाही, आणि ते मागण्याचे धाष्टर्यही मला झाले नाही. विलंब माझा होता.

मनात राहिला आहे तो प्रतिज्ञापत्राचा दिवस. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ या वाक्याखाली दोन सह्या करावयाच्या होत्या, एक नव्या नावाची आणि एक जुन्या. जुनी सही करताना वडिलांच्या नावाच्या आद्याक्षराशी हात अडखळला. दुसऱ्या कागदावर दोनदा गिरवून पाहिली, मग केली. वडिलांनी २००७ साली मागविलेली सही तीच होती.